विमानाच्या पोटाचा रंग आणि माझी इतर मालमत्ता

मी, शेवटच्या पानावर सही करणारी, वय वर्षे शहात्तर, निवृत्त रंगतपासनीस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मनाने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याचा हक्क ज्यांना होता ते माझे यजमान आठ वर्षांपूर्वी गेले, आणि त्यांनाही ते कधी जमले नव्हते.

माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत पोचले आणि आता उणे पाचवर जाऊ का, असे विचारले. ते म्हणाले, "नको. बुद्धीचा दाखला देतो. स्वभावाचा मागू नका."

यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे मी रद्द करते. पहिले मी चाळिसाव्या वर्षी रागाच्या भरात केले होते, आणि त्यात सगळे काही शेजारच्यांच्या मांजराला दिले होते. मांजर माझ्या आधी गेले. दुसरे चार वर्षांपूर्वीचे आहे. त्याचे सातवे कलम असे: "विमानाला आज असलेला रंग हाच खरा रंग असून तो कोणीही, कोणत्याही कारणाने बदलू नये." हे वाक्य मी लाल शाईने अधोरेखित केले होते. ते विशेष करून रद्द समजावे. त्या वाक्यातला एकही शब्द खरा नव्हता, आणि ते कसे, हे सांगण्यासाठीच हे तिसरे मृत्युपत्र लिहावे लागत आहे. घर आणि भांडीकुंडी यांच्यासाठी मी एवढा कागद खर्च केला नसता.

कलम १. घर. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या धाकट्या बहिणीच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला द्याव्यात. ती एका वकिलाच्या कचेरीत काम करते, मला घाबरत नाही आणि माझ्याकडे आली की न सांगता खिडक्या उघडते. एवढी पात्रता पुरे. अट एकच : उत्तरेच्या खोलीच्या भिंती पांढऱ्याच ठेवाव्यात, कारण बाकी कोणताही रंग उजेडात आपला रंग मिसळतो. पांढरा म्हणजे कोणता, हे कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवले आहे. पांढऱ्याचे अकरा प्रकार आहेत. एक वर्षानंतर तिने भिंती जांभळ्या केल्या तरी माझी हरकत नाही. मला कळणारही नाही.

कलम २. बँकेत जे असेल त्याचे दोन भाग करावेत. एक भाचीला, एक हँगरच्या गळक्या छपराला.

कलम ३. धाकट्या बहिणीला माझा मोठा आरसा द्यावा. कारण तिला कळेल.

कलम ४. हत्यारे. माझी खरी मालमत्ता ही आहे. एकतीस वर्षे मी पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात रंग तपासले. बिस्किटांचे, औषधांचे, बुटाच्या पॉलिशचे डबे. माझ्याकडे एक रबरी शिक्का होता, "पसंत नाही". दुसराही एक होता, "पसंत". तो निवृत्तीच्या दिवशी जवळजवळ कोरा निघाला. दोन हिरवे ट्यूबलाइटखाली सख्खे भाऊ दिसतात आणि खिडकीत नेले की एकमेकांना ओळखसुद्धा देत नाहीत, हे मी साहेब लोकांना एकतीस वर्षे सांगितले. त्यांना ते कधीही पटले नाही, पण डबे मात्र खिडकीत नेऊन बघायला लागले.

रंगवलेल्या पत्र्याच्या एक हजार एकशे चाळीस पट्ट्या असलेली लाकडी पेटी, भिंगे, दिवा आणि कंगव्यासारखी ती जाडी मोजायची पट्टी हे सगळे रंगशास्त्र शिकवणाऱ्या कॉलेजला द्यावे. "पसंत नाही" हा शिक्का मात्र माझ्याबरोबर जाळावा. तो कोणाच्या हातात पडणे बरे नाही. माझ्या हातात होता तेव्हा काय झाले ते पुढे येतच आहे.

कलम ५. विमान. विमान माझे नाही, त्यामुळे मी ते कोणाला देऊ शकत नाही. तरीही एकोणीस वर्षे मी ते माझेच असल्यासारखी वागले, म्हणून त्याची नोंद इथे हवी.

हे जुन्या हवाई दलाचे दोन बैठकींचे विमान आहे. लढाईच्या काळात त्याने टेहळणी केली, पुढे ते एका शेतकी शाळेच्या आवारात चाळीस वर्षे पडून होते. शाळेतल्या कोणा उत्साही माणसाने त्याचा सगळा रंग खरवडून काढून पत्रा चकचकीत केला होता. आमच्या गावाबाहेरच्या छोट्या धावपट्टीवर काही हौशी मंडळींनी ते आणले, जोडले आणि उडते केले. या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे कॅप्टन, निवृत्त वैमानिक. विमान तेच उडवतात.

विमान उडायला लागले, पण त्याचा रंग कोणाला माहीत नव्हता. कोणी म्हणे लाल करा, लांबून छान दिसेल. कोणी म्हणे नाकावर दात काढा. मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते आणि घरात यजमानांच्या शर्टांचे रंग नापसंत करत होते. शेवटी त्यांनीच मला हँगरमध्ये नेऊन सोडले आणि म्हणाले, "ही घ्या. हिला रंगातलं कळतं." मला वाटले कौतुक केले. पुष्कळ दिवसांनी लक्षात आले की त्यांनी घराबाहेरचा मार्ग काढला होता.

मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितले, "रंगात मत नसतं. पुरावा असतो. ज्या पोरांनी यात बसून जीव धोक्यात घातला त्यांनी जो रंग पाहिला, तोच लागेल." हे वाक्य अजूनही बरोबर आहे. ते म्हणणारी चुकीची निघाली, एवढेच.

कलम ६. वही. पुरावा मीच मिळवला. या विमानाच्या तुकडीतल्या रंगाऱ्याची कामाची वही त्याच्या मुलीने जपून ठेवली होती, ती तिने मला दिली. रंगारी तेव्हा हयात नव्हता. वहीत आमच्या विमानाचा नंबर होता आणि त्यापुढे पेन्सिलीने एक ओळ. ती ओळ मी अशी वाचली :

"करडा निळा रवाली दोन हात."

आता माझे शिक्षण कॉन्व्हेंटचे. सिस्टरनी आम्हाला काटकोनात बसायला, वळणदार इंग्रजी लिहायला आणि उच्चारावरून माणसाची किंमत करायला शिकवले. मराठीला आठवड्याला दोन तास होते, तेही जेवणाच्या सुट्टीनंतरचे. "रवाली" हा शब्द मला आला नाही, तेव्हा मी ठरवले की शब्दच चुकला आहे. रंगारी कमी शिकलेला, "ळ"च्या जागी "ल" लिहिणारा. मी मनातल्या मनात त्याचे शुद्धलेखन सुधारले. रवाळी. म्हणजे रवाळ. म्हणजे करड्या-निळ्या रंगात रवा असलेला, खरखरीत, उन्हात चमकू नये म्हणून. दोन हात द्यायचे. अर्थ किती सुंदर लागला! मी तो दोन दिवस स्वतःलाच वाचून दाखवत होते.

विमानावरचे आकडे आणि खुणा हाताने काढायला आमच्याकडे पेंटर येत असे. पोस्टामागे त्याचे पाट्यांचे दुकान आहे. त्याने वही हातात घेतली, उजेडात धरली आणि म्हणाला, "बाई, हे 'रवाली' नाही. 'खाली' आहे. करडा. निळा खाली. वरून करडा, पोटाला निळा."

"पेंटर, मला वाचता येतं."

"येतं म्हणून तर म्हणतो. परत वाचा."

"मग 'र' आणि 'व' यांच्यात एवढी फट का?"

"त्याचा हात तसा आहे. जुने लोक 'ख' असाच सुटा काढायचे. माझं आयुष्य 'ख' काढण्यात गेलं. खत, खुर्च्या, खोल पाणी, खासगी रस्ता. मला 'ख' डोळे मिटून कळतो."

"तुम्ही आकडे काढा. रंगाचं मी बघते."

आणि मी बघितले. सात वेळा चाळलेली वाळू रंगात घातली. रवा किती बारीक आहे हे मी गालावर घासून तपासत असे, म्हणून त्या महिन्यात माझा एक गाल लाल होता. पहिला हात वाळल्यावर पेंटरने पंखावरून तळवा फिरवला, तळव्याकडे पाहिले आणि सगळ्यांसमोर विचारले, "बाई, विमान करताय का खवणी?"

सगळे हसले. कॅप्टनही हसले.

"तुम्हाला जिथे तिथे 'ख'च दिसतो," मी म्हणाले. हे उत्तर मला तेव्हा फार झणझणीत वाटले होते.

घरी जाऊन मी मंडळाला तीन पानी पत्र लिहिले. पेंटर कामात ढवळाढवळ करतो, असे लिहिले. त्याला जुन्या विमानांचा अभ्यास नाही, असे लिहिले. आणि तिसऱ्या पानावर लिहिले की या गृहस्थांना रंग नीट दिसत नसावेत अशी मला, एक तज्ज्ञ म्हणून, शंका आहे.

मला तशी कोणतीही शंका नव्हती. त्याचा डोळा माझ्याइतका चांगला होता, आणि मला ते माहीत होते. सगळे हसले म्हणून मी तसे लिहिले.

मंडळाने पेंटरला यायची गरज नाही म्हणून कळवले. गाव लहान आहे. ज्याला रंग दिसत नाहीत असे एका तज्ज्ञ बाईंनी लिहून दिले आहे, त्याला दुकानाची पाटी कोण देणार? आधी शाळेने देणे बंद केले, मग दवाखान्याने. त्यानंतर तो गाड्यांच्या नंबरपाट्या लिहू लागला. पांढऱ्यावर काळे. एकोणीस वर्षे मी पोस्टात जाताना त्याच्या दुकानासमोर आले की रस्ता ओलांडत असे, आणि त्या काळ्या-पांढऱ्या पाट्यांकडे लांबून पाहून मनाशी म्हणत असे, बघा, रंगाचे काम सुटलेच ना शेवटी. यजमानांना एकदा हे बोलून दाखवले. ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "तूच सोडवलंस." मी आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला. त्यांनी तो आठवडा फार मजेत घालवला.

कलम ७. पुस्तिका. "एका विमानाचा खरा रंग" या नावाची माझी चोवीस पानांची पुस्तिका आहे. तिच्या दोनशे साठ प्रती माझ्या पलंगाखाली आहेत. त्यातल्या नवव्या ते चौदाव्या पानापर्यंत युद्धकाळातल्या रवाळ रंगांविषयी विवेचन आहे. असे रंग कोठेही होते याला माझ्या पुस्तिकेशिवाय दुसरा आधार नाही. दुसऱ्या एका गावच्या मंडळाने ती वाचून त्यांच्या विमानातही वाळू घातली. त्यांनी मला आभाराचे पत्र पाठवले, तेही पलंगाखालीच आहे. प्रती कोणाला वाटू नयेत. टेबलाचा पाय हलत असेल तर उपयोगी पडतील.

आमच्या विमानाचे पुढे काय झाले तेही लिहिते. वाळूमुळे धूळ बसे. पुसायला गेले की फडकी फाटत. झाकायची ताडपत्री दोन वर्षांत आतून झिजून गेली. मेकॅनिकच्या कोपरांना कायम खरचटलेले असे. बघायला येणारी मुले त्याला "घूस" म्हणू लागली, आणि मला हँगरमध्ये पाठीमागे "रवाळबाई" म्हणत. कॅप्टन दर वर्षी म्हणत, "बाई, हे वर चढायला फार कुरकुरतं." मी दर वर्षी म्हणे, "तेव्हाही असंच चढत असणार. अस्सल आहे ते."

कलम ८. चूक कशी कळली. दीड महिन्यापूर्वी मी या मृत्युपत्रासाठी मालमत्तेची यादी करायला बसले. वहीपुढे "पाने किती" असा रकाना होता, म्हणून पाने मोजत गेले. एकोणीस वर्षांत मी त्या वहीची रंगांची दोन पाने सोडून बाकीची वाचलीच नव्हती. त्यात सगळे बुरुश, डबे, रॉकेल असे होते, मला रस नव्हता. अठ्ठेचाळिसाव्या पानावर, त्याच पेन्सिलीने, त्याच हाताने लिहिले होते :

"शिडी रवाली घेतल्याशिवाय कोणी जेवायला जाऊ नये."

शिडी रवाळ घेतल्याशिवाय.

मी ते वाक्य चार वेळा वाचले. शिडीला रवा लावून जेवायला जाणारे सैनिक डोळ्यांसमोर आणायचा मी मनापासून प्रयत्न केला. माझा हट्ट किती पोचलेला आहे, हे त्यावरून कळावे. पाचव्या वेळी शिडी खाली आली.

दुसऱ्या दिवशी हँगरमध्ये गेले. आताच्या रंगाचे पापुद्रे सुटू लागल्यामुळे मंडळाने विमान पुन्हा रंगवायचे ठरवले होते. रंग तोच, वाळू तीच, आधार माझीच पुस्तिका. मी मेकॅनिकला पोटाखालची एक रिव्हेट मारलेली पट्टी काढायला लावली. ती शेतकी शाळेतही कोणी काढली नव्हती. पट्टीखाली तळहाताएवढा जुना रंग जसाच्या तसा होता. फिकट निळा, बाळाच्या गालासारखा गुळगुळीत.

मेकॅनिक म्हणाला, "बाई, हा निळा कुठून आला हो?"

मी म्हणाले, "अस्तराचा असेल. लाव परत."

एकतीस वर्षे मी इतरांचे रंग परत पाठवले. माझा परत आला तेव्हा मी त्याच्यावर पट्टी ठोकून घेतली.

घरी येऊन मी हे आठवे कलम लिहिले. ते तेव्हा असे होते : "माझ्या मृत्यूनंतर पंधरा दिवसांनी सोबतचे सीलबंद पाकीट मंडळाला द्यावे. त्यात विमानाच्या पोटाच्या खऱ्या रंगाविषयी माहिती आहे." मला ही योजना फार पसंत पडली होती. सगळे मला हार घालतील, दोन आठवडे चांगले बोलतील, आणि मग कळेल. तोवर मी पत्त्याबाहेर गेलेली असेन.

भाचीला मसुदा तपासायला दिला. ती वाचता वाचता थांबली.

"मावशी, विमान रंगवायला कधी घेणार?"

"पुढच्या महिन्यात."

"आणि तू जाणार कधी?"

"ते मी कसं सांगू?"

"तुझा रिपोर्ट मी पाहिलाय. तुझं हृदय माझ्यापेक्षा बरं आहे. तू आणखी पंधरा वर्षं सहज काढशील. तोवर विमान पुन्हा घूस होऊन उडणार, आणि तो पेंटर? त्याचं वय काय?"

"चौऱ्याहत्तर."

"म्हणजे त्याने आधी मरायचं नाही, असं एक कलम घालावं लागेल."

मी म्हणाले, "तू फार फाजील बोलतेस."

"कोणाची भाची आहे?" ती म्हणाली आणि त्या कलमावर पेन्सिलीने फुली मारून मसुदा माझ्या हातात दिला. "मावशी, हे मेल्यावर करायचं काम नाही."

कलम ९. जे कलम रद्द झाले त्याऐवजी. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टामागे गेले. रस्ता ओलांडला नाही.

पेंटर एका नंबरपाटीवर आठ काढत होता. मान वर न करता म्हणाला, "नंबरपाटी हवी?"

"माझ्याकडे गाडी नाही."

"मग?"

"तो 'ख' होता."

त्याने आठचा खालचा गोल पुरा केला. बुरुश पुसला. "कुठला?"

"तुम्हाला माहीत आहे कुठला."

"मला माहीत आहे. तुम्हाला माहीत झालाय का, ते बघतोय. वाचा बरं."

मी वही उघडली आणि पहिलीतल्या मुलीसारखी उभ्या उभ्या वाचली, "करडा. निळा खाली. दोन हात."

"पूर्णविरामसुद्धा वाचलेत," तो म्हणाला. "सुधारणा आहे."

मग मी जिन्यात पाठ केलेले बोलले. "तुम्हाला रंग दिसत नसावेत असं मी लिहिलं, ते खोटं होतं. मला तसं कधीच वाटलं नव्हतं. मला राग आला होता."

दुकानात टर्पेंटाइनचा वास होता. भिंतीला टेकून नंबरपाट्या वाळत होत्या, काळ्या-पांढऱ्या, एकीसारखी दुसरी. वरच्या फळीवर मात्र रंगांचे डबे ओळीने होते. झाकणे गंजून बसली होती, पण प्रत्येकावर आत काय आहे त्याचा ठिपका दिला होता, आणि लाल आणि केशरी यांच्यात त्याने जी जागा सोडली होती ती मीसुद्धा सोडली असती.

"ते लिहून द्या," तो शेवटी म्हणाला. "'ख'चं राहू द्या. 'ख' कोणीही चुकेल. ते दुसरं लिहून द्या, आणि जिथे पहिलं वाचलं गेलं तिथेच वाचा. बायकोला दाखवायचं होतं. ती गेली. मुलीला दाखवीन."

मी बसायची वाट पाहत होते. त्याने बसा म्हटले नाही. बरोबर केले.

मंडळाची बैठक रविवारी झाली. मी उभी राहून वाचले. आधी माझ्या त्या पत्राच्या तिसऱ्या पानाचे, मग वहीचे, मग शिडीचे, मग पट्टीखालच्या निळ्याचे. मेकॅनिक मध्येच म्हणाला, "तरी मी म्हणत होतो, अस्तर एवढं देखणं कसं!"

कॅप्टन माझ्याकडे वळले. "म्हणजे बाई, एकोणीस वर्षं मी पॉलिशपेपर उडवत होतो?"

"हो."

"आणि ते अस्सल कुरकुरणं?"

"वाळू."

कोणीतरी म्हणाले की लोकांना आता घूस ओळखीची झाली आहे, पुस्तिकाही सगळीकडे गेली आहे, राहू द्यावे आहे तसे. मी तोंड उघडायच्या आत कॅप्टनच म्हणाले, "रंगात मत नसतं. पुरावा असतो. बाईंनीच सांगितलंय." माझे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला किती वाईट वाटते, हे मला त्या दिवशी कळले.

ठरले ते असे : सगळी वाळू घासून काढायची. वरून करडा, पोटाला निळा, दोन्ही गुळगुळीत. निळ्याची जुळणी पट्टीखालच्या तुकड्यावरून, खिडकीच्या उजेडात, मी आणि पेंटरने मिळून करायची, आणि दोघांचे एकमत झाल्याशिवाय डबा उघडायचा नाही. एकमताला नऊ दिवस लागले. मला तुकड्यात किंचित हिरवट झाक दिसत होती, त्याला दिसत नव्हती. तुकडा पुसल्यावर झाक गेली. ते तेल होते. यावर तो काहीही बोलला नाही, आणि तेच मला सहन झाले नाही. मी म्हणाले, "बोला काय ते." तो म्हणाला, "बाई, तुम्हीच बोलता छान."

वाळू घालणाऱ्या दुसऱ्या गावच्या मंडळाला मी पत्र पाठवले आहे. उत्तर आलेले नाही. उत्तर आल्यास भाचीने ते वाचून, सभ्य भाषेत असेल तरच जपून ठेवावे.

रंगाऱ्याची वही मी माझ्या हयातीतच पेंटरला दिली आहे. त्यामुळे ती या मृत्युपत्रात येत नाही, या मृत्युपत्रातून त्याला काहीही मिळत नाही, आणि म्हणून तो साक्षीदार म्हणून कायद्याने चालतो.

कलम १०. विमानासमोर एक पाटी लावावी. ती पेंटरने रंगीत अक्षरांत लिहावी. मजकूर : "हे विमान एकोणीस वर्षे चुकीच्या रंगात उडाले. चूक अमुक बाईंची. पुरावा वाचणाऱ्या पेंटरना त्यांनी खोटे ठरवले होते." अमुकच्या जागी माझे पूर्ण नाव घालावे. मी "चूक" बारीक अक्षरांत आणि नाव ठळक असे सुचवले होते. पेंटरने दोन्ही एकाच मापात घ्यायचे ठरवले आहे. पाटीचे माप हा त्याचा विषय असल्यामुळे मी हरकत घेतली नाही. थोडीशी घेतली.

कलम ११. हे सगळे पार पाडण्याचे काम भाचीने करावे. माझ्या शेवटच्या फोटोला रंग देऊ नये. भाषणे झाल्यास त्यात "जिद्दी" हा शब्द वापरू नये. लोक तो कशाऐवजी वापरतात हे मला माहीत आहे.

मजकुरातले ऱ्हस्व-दीर्घ भाचीने तपासले आहेत. सही तिला तपासता आली नाही, कारण तिला यातून मिळणार असल्यामुळे सहीच्या वेळी तिला हँगरच्या बाहेर उभे केले होते. आजवर सगळ्या सह्या मी इंग्रजीत करत आले. ही पहिली मराठीतली.

ठिकाण : हँगरमधले लांब टेबल, डाव्या पंखाजवळ.
दिनांक : सोळा फेब्रुवारी, गुरुवार. निळ्याचा पहिला हात अजून ओला आहे.

लिहून ठेवणारीची सही : (केली)

साक्षीदार पहिले, शेजारचे दातांचे डॉक्टर : बाईंनी माझ्यासमक्ष सही केली. त्या शुद्धीवर होत्या आणि मला गप्प बसायला सांगत होत्या.

साक्षीदार दुसरे, पेंटर : बाईंनी माझ्यासमक्ष सही केली. स्वतःच्या नावात वेलांटी पहिली काढली होती. मी सांगितले, दुसरी हवी. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिले, परत वाचले आणि दुसरी केली. दुरुस्ती माझ्यासमक्ष झाली.